स्कर्ट कुठून धरून वाळत घालतात

"अहो आजी, हात नका लावू प्लीज."

हे मी म्हणाले होते, हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. याला आता बरेच महिने झाले, पण अजूनही कपडे वाळत घालायला गेले की हे वाक्य माझ्याच आवाजात कानात वाजतं आणि हातातला चिमटा तसाच हातात राहतो. तसं म्हटलं तर मी काही चुकीचं बोलले नव्हते. युद्धात बायकांवर झालेल्या अत्याचारांवरचं एक फिरतं प्रदर्शन होतं, चार दिवस एका हॉलमध्ये मुक्कामाला, मी तिथे व्हॉलंटियर, आणि व्हॉलंटियरचं अर्धं काम म्हणजे लोकांना हात लावू नका सांगणं. भिंतींना फोटोंची आणि मजकुराची पॅनल्स, आणि मधोमध दोन खांबांना तीन दोऱ्या बांधून त्यावर स्कर्ट, फ्रॉक, झगे असे चाळीसेक कपडे टांगलेले. टांगले मीच होते, आदल्या रात्री साडेदहा वाजता, पाय भरून आलेले असताना, एकदाचं आटपून घरी जाऊ दे या घाईत.

आजी सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. खांद्याला कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत डोळ्यांवर चढवलाच नाही, म्हणजे पॅनलवरचं एक अक्षरही वाचलं नसणार. आत आल्या, जरा इकडेतिकडे बघितलं नि सरळ दोरीपाशी गेल्या. एका निळ्या स्कर्टचा घेर दोन बोटांत धरून बघितला, चिमटे काढले, स्कर्ट एकदा झटकला (तो फट् आवाज मला स्पष्ट आठवतो, तिथल्या त्या गंभीर शांततेत तो फारच घरगुती वाटला), उलटा केला आणि कंबरपट्टीकडून दोरीला लावून दोन बाजूंना दोन चिमटे दाबले. दुसऱ्या स्कर्टला हात घातला तेव्हा मी ओरडले. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. रागावल्या वगैरे नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घेराकडून नाही गं लावत चिमटा, वळ उठतात." मग भिंतीवरच्या एका फोटोसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. सगळं मिळून दहा मिनिटं.

त्या गेल्यावर माझ्याबरोबरची मुलगी, कॉलेजात शिकणारी, अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "ताई, त्या त्यातल्या असतील का गं?"

त्यातल्या.

मी तिला झापलं. काय बोलतेस वगैरे. पण खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात तेच आलं होतं, तिने ते तोंडाने म्हटलं एवढंच. आणि हेच मला जास्त खुपतं, हात नका लावूपेक्षाही. एक म्हातारी बाई अशा प्रदर्शनाला एकटी येते, वाचत काही नाही, कपड्यांना हात लावते, म्हणजे हिच्याबरोबर काहीतरी झालेलं असणार असा हिशोब आम्ही दोघींनी तीस सेकंदांत मांडून टाकला होता. त्यांच्याबरोबर कदाचित काहीच झालेलं नसेल. कदाचित त्यांना नुसता उलटा टांगलेला स्कर्ट बघवला नसेल, माझ्या आईलाही बघवला नसता. पण त्या हॉलमध्ये आलेल्या कुठल्याही म्हातारीकडे आम्ही तसंच बघितलं असतं, आणि असं कुणी बघेल हे जिला माहीत आहे ती बाई तिथे मुळात येईलच कशाला?

दोऱ्यांवरच्या कपड्यांची ती कल्पना आमची नव्हतीच, ती प्रिश्टिनाहून उचललेली. १२ जून २०१५, कोसोवोची राजधानी, फुटबॉलचं स्टेडियम. अल्केता जाफा-म्रिपा ही मूळची कोसोवोची, लंडनमध्ये राहणारी कलाकार, तिने मैदानभर दोऱ्या बांधून त्यावर ५,००० स्कर्ट आणि फ्रॉक वाळत घातले होते. कामाचं नाव 'मेंदोय पर त्यू', म्हणजे तुझी आठवण काढतेय, तुझाच विचार करतेय, असं काहीसं. १९९८-९९ च्या युद्धात तिथे अंदाजे २०,००० बायकांवर बलात्कार झाले असं मानतात, आणि त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं त्यावर जवळजवळ कुणीच बोललेलं नव्हतं, बायका तर नाहीच नाही. स्टेडियम मुद्दाम निवडलेलं, कारण ती पुरुषांची जागा. तिथे गोल होतात, शिव्या दिल्या जातात, घोषणा होतात, आणि तिथेच एक दिवस फुलाफुलांचे, चौकड्यांचे, लेसचे स्कर्ट वाऱ्यावर हलत होते. फोटो बघितला तर आधी छानच वाटतं, जत्रेसारखं. मग आपण कशाकडे बघतोय ते लक्षात येतं आणि ते छान वाटणं घशात अडकतं.

पण मला त्या दिवसापेक्षा आधीचे दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. ते ५,००० कपडे काही बाजारातून आणले नव्हते, गावोगाव फिरून लोकांकडून गोळा केले होते. राष्ट्राध्यक्ष अतिफेते याह्यागा स्वतः या कामामागे उभ्या होत्या, त्यामुळे बायका आल्या, पुरुषही आले, कुणी बहिणीचा आणला, कुणी आईचा. आता कल्पना करा की तुम्ही एका गावातली अशी बाई आहात जिने सोळा वर्षं नवऱ्यालाही काही सांगितलेलं नाही. तुम्ही कपाटातून एक स्कर्ट काढता, पिशवीत घालता आणि रांगेत उभं राहून देऊन येता. पुढेमागे शेजारीण उभी आहे, शाळेतली बाई उभी आहे, दुकानदाराची सून उभी आहे, सगळ्यांच्या हातात पिशव्या. कुणीही विचारणार नाही की तू का आलीस, कारण तीही आलीय. तुम्ही सगळ्यांच्या देखत तुमची गोष्ट देऊन आलात आणि कुणाला काही कळलं नाही. ५,००० स्कर्टांमधला कुठला 'त्यातला' हे कोणाला ओळखता येणार आहे?

मराठीत आपल्याकडे एक भयंकर वाक्प्रचार आहे, लक्तरं वेशीवर टांगणं. घरातलं जे झाकून ठेवायचं ते गावाच्या वेशीवर नेऊन लटकवलं, म्हणजे अब्रू गेली. मला नेहमी वाटायचं की यात लक्तरं हा शब्द जास्त क्रूर आहे, आता वाटतं वेशीवर हा जास्त क्रूर आहे. कारण वेशीवर एकाच घराची टांगतात. एकाच घराची टांगली की ती लक्तरं. सगळ्या गावाने आपापलं धुणं आणून तिथे टांगलं तर मग ते नुसतं धुणं होतं, आणि धुण्याकडे कोण बघतं? त्या कलाकारालाही हीच कल्पना सुचली होती म्हणे, घरातलं मळकं बाहेर धुवू नये असं त्यांच्याकडेही म्हणतात, तर आपण बाहेर टांगूया, आणि टांगूया ते स्वच्छ, धुतलेले कपडे, कारण मळ या बायकांच्या अंगावरचा नव्हताच.

लहानपणी आईने मला कपडे वाळत घालायला शिकवलं तेव्हा पहिला नियम हा होता की आतले कपडे टॉवेलखाली. बाहेरच्या दोरीवर टॉवेल, चादरी, वडिलांचे शर्ट, आणि आतल्या दोरीवर, टॉवेलच्या आडोशाला, माझे आणि आईचे. मी एकदा विचारलं होतं की बाबांची बनियन चालते मग आपलं का नाही, तर ती म्हणाली, असू दे. असू दे हे आईचं फार मोठं तत्त्वज्ञान होतं. पुढे मोठी झाल्यावर मी यावर भरपूर चिडले, भांडले, एक दिवस मुद्दाम सगळं बाहेरच्या दोरीवर घालून क्रांतीही करून झाली. आज मात्र त्या टॉवेलबद्दल मला तितकासा राग येत नाही. ऊन टॉवेलखालीही लागतं. ओलं फडकं घरात कोंडून ठेवलं तर त्याला जो कुबट वास येतो तो येत नाही. दिसत नाही पण वाळतं. मला माहितीय की हे विधान अडचणीचं आहे, स्त्रियांनी झाकून ठेवावं असं मी म्हणतेय असा त्याचा अर्थ निघू शकतो. तसं मी म्हणत नाहीये. कुठे घालायचं हे जिचे कपडे तिला ठरवू द्या, एवढंच म्हणतेय बहुतेक. पुढे लिहिता लिहिता बदलेन कदाचित.

आजी ज्या फोटोपुढे थांबल्या होत्या तो बांगलादेशचा होता, १९७१ चा, नैबुद्दीन अहमद यांनी काढलेला. खूप ठिकाणी छापून आलाय, तुम्ही बघितला असेल. एक बाई, मोकळे सुटलेले दाट केस, आणि त्या केसांनी तिने स्वतःचा चेहरा पूर्ण झाकून घेतलाय, वर दोन्ही मुठी घट्ट आवळून धरल्यात, मनगटात बांगड्या. बाई आहे पण बाई दिसत नाही. मी चार दिवसांत तो फोटो शंभरदा तरी बघितला असेल आणि दर वेळी मला वाटायचं की ही फोटो काढू देतेय की नाही काढू देतेय? दोन्ही. समोर बसलीय आणि लपलीय. केसांचा टॉवेल केलाय.

बांगलादेशने या बायकांना एक नाव दिलं होतं. युद्ध संपून आठवडा होतो न होतो तोच, डिसेंबर १९७१ मध्ये, सरकारने जाहीर केलं की या वीरांगना आहेत, देशाच्या लेकी आहेत. कल्पना वाईट नव्हती, उलट त्या काळात कुठल्या सरकारने असं केलं होतं? कलंकित म्हणू नका, वीर म्हणा. पण गावात काय झालं ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण बंगालीत आणि मराठीत हे अगदी सारखंच आहे. लोकांनी वेलांटी काढली आणि काना दिला. वीरांगनाची वारांगना. तोंडातल्या तोंडात म्हटलं तर ऐकणाऱ्याला नक्की कुठलं म्हटलं ते कळणारही नाही आणि जिला म्हटलं तिला बरोबर कळेल. पदवी मानाची असली तरी ती एकटीला दिली की त्याचं बोट होतं, तिच्याकडे रोखलेलं.

आणि मग १९९२. ढाक्यात २६ मार्चला सुहरावर्दी उद्यानात लोकांनी एक जनअदालत भरवली होती, लेखिका जहानारा इमाम यांच्या पुढाकाराने, युद्धगुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून. हेतू शंभर टक्के चांगला. कुष्टिया जिल्ह्यातल्या तीन बायकांना त्यासाठी ढाक्याला आणलं गेलं, आणि त्यांचे फोटो पेपरात छापून आले. चेहरे उघडे, केसबिस काही नाही आड. ढाक्यातल्या लोकांनी ते फोटो पाहून हळहळ केली असेल, मुठी आवळल्या असतील. गावात परत गेल्यावर त्या तिघींच्या वाट्याला आले ते टोमणे. वर्षानुवर्षं. बंगालीत टोमण्याला जो शब्द आहे तो आपल्याला जवळजवळ 'खोटा' असा ऐकू येतो, मधला तो अनुनासिक उच्चार सोडला तर. म्हणजे बाई खरं बोलली आणि तिला खोंटा मिळाला. गावात आधी माहीत नव्हतं असंही नाही, गावाला सगळं माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पेपरात येणं वेगळं. गावाने जे टॉवेलखाली चालवून घेतलं होतं ते वेशीवर आलं. ज्या चांगल्या माणसांनी ते आणलं ती ढाक्यात राहात होती, त्यांना त्या गावात रोज पाणी भरायला जायचं नव्हतं.

म्हणून मला त्याच देशातल्या एका बसचं फार अप्रूप वाटतं.

ढाक्याचं मुक्तियुद्ध जादूघर, म्हणजे लिबरेशन वॉर म्युझियम, १९९६ मध्ये सेगुनबागिचातल्या एका जुन्या घरात सुरू झालं, लोकांनी दिलेल्या वस्तूंवर, २०१७ पासून आगारगावच्या मोठ्या इमारतीत आहे. या म्युझियमची एक बस आहे, आतून म्युझियमच केलेली, फोटो, कागदपत्रं, वस्तू, आणि ती जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाळांच्या आवारात जाऊन उभी राहते. मुलं रांगेने आत शिरतात, बघतात, उतरतात. इथपर्यंत ठीक, शाळेत कुठलीही बस आली की मुलं खूशच असतात, निदान एक तास बुडतो. खरी गंमत पुढे आहे. मुलांना सांगितलं जातं की आता घरी जा, घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा त्यांनी १९७१ मध्ये काय पाहिलं, ते लिहून काढा आणि आम्हाला पाठवा. अशा हजारो वह्यांमधल्या पानांसारख्या आठवणी म्युझियमकडे जमा झाल्यात, मुलांच्या अक्षरातल्या.

आता ही बस गावातल्या त्या आजीच्या दारात येत नाही. तिला कुणी स्टेजवर बोलवत नाही. तिचा नातू घरी येतो, दप्तर टाकतो आणि म्हणतो, होमवर्क आहे, सांग. शेजारच्या घरातल्या नातवालाही तेच होमवर्क आहे. अख्ख्या गावातल्या सगळ्या आज्यांना एकाच संध्याकाळी विचारलं जातंय. म्हणजे 'मलाच का विचारलं' हा प्रश्नच उरत नाही. आणि सांगायचं किती हे तिच्या हातात. ती म्हणेल आम्ही नदीपलीकडे पळालो, चुलत्याला मारलं, भात जाळला. ती म्हणेल शेजारच्या एका बाईला नेलं होतं. कोण बाई? होती एक. मला वाटतं त्या हजारो कागदांमध्ये अशा 'होती एक' बऱ्याच असणार, आणि त्यातल्या काही बायका शेजारच्या नसणार. हा माझा अंदाज. पण नातवाने ते लिहून घेतलं, त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि ते एका मोठ्या इमारतीत जाऊन नीट ठेवलं गेलं. तिने सांगितलं. तिने सांगितलं हे कुणाला कळलं नाही. यातली कुठली गोष्ट तिला जास्त हलकं करत असेल?

अर्थात सगळ्यांना लपायचं नसतं. बांगलादेशच्याच फिरदौसी प्रियभाषिणी यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने सांगितलं, तेव्हा असं कुणी करत नव्हतं. त्या शिल्पकार होत्या, टाकून दिलेली लाकडं, वाळलेल्या फांद्या, मुळं, असल्या कुणी ढुंकून न बघणाऱ्या वस्तूंमधून शिल्पं करायच्या. २०१८ मध्ये गेल्या. त्यांच्याबद्दल वाचताना मला माझी टॉवेलची थिअरी जरा पोकळ वाटायला लागते. कारण कुणीतरी एकीने आधी बाहेरच्या दोरीवर टाकावंच लागतं ना, त्याशिवाय बाकीच्यांना दोरी आहे हेच कसं कळणार. कोरियात किम हाक-सुन यांनी १४ ऑगस्ट १९९१ ला टीव्हीसमोर तोंड उघडलं की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने मला नेलं होतं, आणि त्यानंतर एकेक करत बाकीच्या बायका पुढे आल्या. साठी ओलांडलेली बाई. पन्नास वर्षं गप्प बसून.

कोरियाचं नाव निघालंच आहे तर मला १५१ नंबरच्या बसबद्दल सांगायचंय. सोलमध्ये जपानच्या वकिलातीसमोर, अशा नेलेल्या मुलींची आठवण म्हणून, एका मुलीचा पुतळा आहे, डिसेंबर २०११ मध्ये बसवलेला, दर बुधवारी तिथे जी निदर्शनं व्हायची त्यातल्या हजाराव्या निदर्शनाच्या दिवशी. खुर्चीत बसलेली मुलगी, अनवाणी, टाचा जमिनीला न टेकलेल्या, केस ओबडधोबड कापलेले, खांद्यावर पाखरू, आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. ऑगस्ट २०१७ मध्ये याच मुलीच्या प्रतिकृती शहरातल्या पाच बसमध्ये बसवल्या होत्या, साध्या सीटवर, खिडकीपाशी. काही आठवडे ती रोज शहरभर फिरत होती. मला त्या बसमधल्या नेहमीच्या प्रवाशाचं कुतूहल आहे. सकाळी ऑफिसला निघालेला, झोप न झालेला, चढतो आणि बघतो तर शेजारच्या सीटवर ही. काय करत असेल तो? पहिल्या दिवशी फोटो काढेल. दुसऱ्या दिवशी बघेल. पाचव्या दिवशी नुसता शेजारी उभा राहील दांडी धरून, जसा कुणाच्याही शेजारी राहतो. मला ते पाचव्या दिवसाचं उभं राहणं हवंय. पुतळ्यासमोर आपण मान खाली घालतो, गंभीर चेहरा करतो, पण रोज मान खाली घालून कुणाबरोबर राहता येत नाही. बसमध्ये बाजूला सरकावं लागतं, तिच्या गुडघ्याला आपली बॅग लागते, सॉरी म्हणावंसं वाटतं.

हे सगळं एवढं गोड नाही याची मला कल्पना आहे. त्याच मुलीचा पुतळा ऑगस्ट २०१९ मध्ये जपानमध्ये, नागोयाला, आइची त्रिनाले या कलाप्रदर्शनात ठेवला होता, तर तीन दिवसांत तो विभाग बंद करावा लागला, इतक्या धमक्या आल्या, जाळून टाकू वगैरे. ऑक्टोबरमध्ये परत उघडला तेव्हा लॉटरी काढून मोजक्या लोकांना आत सोडत होते. आणि कोसोवोत २०१८ पासून अशा बायकांना सरकारी मान्यता आणि महिना २३० युरो पेन्शन मिळू लागली, त्यासाठी अर्ज करायचा, समितीपुढे सगळं सांगायचं. अर्जांची संख्या २०,००० च्या जवळपासही गेलेली नाही. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. स्कर्ट देताना कुणी काही विचारत नव्हतं. अर्जात नाव लिहायचं असतं. प्रिश्टिनामध्ये २०१५ मध्येच एक स्मारकही झालं, हेरोइनात, २०,००० बिल्ल्यांमधून उमटलेला एका बाईचा चेहरा, प्रत्येक बिल्ला एका बाईसाठी. ते कायम तिथेच आहे. स्कर्ट मात्र एका दिवसाने उतरवले. कायमचं स्मारक हवंच, पण आपलं गाव सोडून आपण स्मारक बघायला निघालो तर कुठे निघालो ते सांगावं लागतं. जे दोन दिवस येतं आणि निघून जातं ते बघायला जाताना, चला आलंय तर बघू, एवढं पुरतं.

'जखम भरून येणं' हा शब्द आमच्या पहिल्याच पॅनलवर होता, मोठ्या अक्षरात. मला तो चारही दिवस टोचत राहिला. भरून येते हे कुणी ठरवायचं? आम्ही बाहेर एक वही ठेवली होती अभिप्रायाची, त्यात बहुतेकांनी 'डोळ्यांत पाणी आलं' असं लिहिलं. ते पाणी खरं असणार, मी नाही म्हणत नाही. पण रडलं ते बघणारं, मग बरं नक्की कोण होत होतं? एकाने लिहिलं होतं, 'आमच्या मुलीला घेऊन आलो, घरी जाऊन खूप बोललो.' हे मला जास्त आवडलं. आणि आजींनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी जे केलं ते दोरीवर होतं.

चौथ्या दिवशी रात्री आवराआवर. पुढच्या मुक्कामाला पेट्या सकाळी जायच्या होत्या. ती कॉलेजची मुलगी पॅनल्स फोमच्या शीटमध्ये गुंडाळत होती आणि मी दोऱ्या उतरवत होते. एकेक स्कर्ट काढताना बघते तर खरंच, प्रत्येकाच्या घेराला दोन-दोन वळ, चिमट्याच्या दातांचे, चार दिवस एकाच जागी दाबून राहिल्याने कापडात पक्के बसलेले. हाताने चोळले, जात नव्हते. इस्त्री मारली असती तर गेले असते कदाचित, पण इस्त्री कुठून आणणार. घड्या घालून तसेच पेटीत ठेवले. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला असतो, मांडणीच्या सूचना, पुढच्या व्हॉलंटियरसाठी. त्यात दोऱ्यांमधलं अंतर, लाइट कुठे, 'हात लावू नये' च्या पाट्या कुठे, सगळं आहे, स्कर्ट कुठून धरून लावायचे ते नाही. पेन काढून मी खाली लिहिलं, 'स्कर्ट कंबरेकडून लावावेत, घेराकडून लावल्यास वळ उठतात.' मग पाट्यांच्या ओळीपाशी थोडा वेळ पेन तसंच धरून बसले. ते खोडायचा मला अधिकार नव्हता, मी फक्त व्हॉलंटियर. खोडलं नाही.

निळा स्कर्ट शेवटी राहिला होता. मुद्दाम ठेवला होता असंही म्हणता येईल. चिमटे काढले, घेर उजेडात धरून बघितला, स्वच्छ होता, एक सुरकुती नाही. मग सहज कंबरपट्टी बघितली तर तिथे वळ होतेच, दोन्ही बाजूंना, तसेच खोल. फक्त घातल्यावर ते वरच्या कपड्याखाली गेले असते.